३ किलोवॉट की ५ किलोवॉट? नाशिकच्या घरासाठी सोलरचा खर्च आणि प्रत्यक्ष मिळणारी वीज

प्रश्न : गच्ची_नाशिक

नाशिकमध्ये आमचं स्वतःचं एकमजली घर आहे. गच्ची ३० बाय २२ फूट. नैर्ऋत्य कोपऱ्यात १००० लिटरची टाकी असून तिचा माथा गच्चीपासून ८ फुटांवर येतो. महावितरणचं सिंगल फेज कनेक्शन आहे आणि बिलावर मंजूर भार २ किलोवॉट दिसतो.

बारा महिन्यांची युनिटं अशी : एप्रिल ४१०, मे ४३०, जून ३४०, जुलै २६०, ऑगस्ट २५०, सप्टेंबर २६०, ऑक्टोबर ३००, नोव्हेंबर २३०, डिसेंबर २१०, जानेवारी २२०, फेब्रुवारी २४०, मार्च ३३०. एकूण ३४८०.

एकाच ठेकेदाराची दोन कोटेशनं हातात आहेत. ३ किलोवॉटचं १ लाख ९५ हजार आणि ५ किलोवॉटचं ३ लाख १० हजार, दोन्ही अनुदान वजा न करता. तो ५ किलोवॉटचाच आग्रह धरतोय. म्हणतो, जास्तीची वीज महावितरण विकत घेईल आणि पैसे लवकर वसूल होतील. हे खरं आहे का? शिवाय वीज दिवसातून एक-दोनदा जाते, तेव्हा सोलरवर घर चालेल ना? घरात जुना इन्व्हर्टर आणि बॅटरी आहे.

उत्तर १ : युनिट_मोजा

ताई, बारा महिन्यांची युनिटं दिलीत हे फार बरं केलंत. बहुतेक जण नुसती बिलाची रक्कम सांगतात, आणि तिच्यावरून काहीच ठरवता येत नाही.

आधी निर्मिती पाहू. नाशिकमध्ये दक्षिणेकडे तोंड आणि १५ ते २० अंश उतार असलेल्या, सावली न येणाऱ्या १ किलोवॉट पॅनलमधून वर्षाला साधारण १४०० युनिटं धरावीत. ती महिन्यागणिक सारखी नसतात. एप्रिल-मेमध्ये प्रत्येकी १३५, जूनमध्ये १०५, जुलै-ऑगस्टमध्ये जेमतेम ८०, सप्टेंबरला १०५, ऑक्टोबर ते फेब्रुवारी १२० ते १२५ आणि मार्चमध्ये १४०. पाऊसमान आणि धूळ यांमुळे दहा टक्के इकडेतिकडे होईल. कोटेशनवर 'दिवसाला ५ युनिट प्रति किलोवॉट' छापलं असेल तर तो मार्चमधल्या चांगल्या दिवसाचा आकडा आहे. वर्षाची सरासरी ४ च्या खालीच पडते.

आता ५४० वॉटच्या पॅनलवर तुमचा वापर बसवून पाहा.

४ पॅनल म्हणजे २.१६ किलोवॉट. वर्षाला सुमारे ३००० युनिटं होतील. एप्रिल ते ऑक्टोबर मिळून ५९६ युनिटांचं बिल येईल आणि तेही जवळजवळ सगळं पहिल्या १०० च्या टप्प्यात.

५ पॅनल म्हणजे २.७ किलोवॉट. वर्षाला ३७७० च्या आसपास. एप्रिल ते ऑगस्ट मिळून २४४ युनिटांचं बिल, पुढे शून्य.

६ पॅनल म्हणजे ३.२४ किलोवॉट. वर्षाला साधारण ४५००. वर्षभर युनिटांचं बिल शून्य आणि वर जवळजवळ हजार युनिटं शिल्लक.

इथे दोन गोष्टी नीट समजून घ्या, कारण अख्खं गणित त्यांच्यावर उभं आहे.

पहिली म्हणजे टप्पे. घरगुती दर ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० असे चढत जातात. ऊर्जा आकार, वहन आकार आणि त्यावरचं १६ टक्के वीज शुल्क धरलं की पहिल्या टप्प्यातलं युनिट साधारण ७ रुपयांना पडतं, दुसऱ्या टप्प्यातलं त्याच्या जवळपास दुप्पट आणि तिसऱ्यातलं त्याहून महाग. नेमका दर आपल्या ताज्या बिलावरूनच काढा, कारण तो दर वर्षी बदलतो. मी ७, १३ आणि १७ रुपये धरून हिशेब केला, तर तुमचं आजचं युनिटांचं वार्षिक बिल साधारण ३९,३०० येतं. त्यातले ३४,७०० पहिली ४ पॅनलच वाचवतात. पाचवं पॅनल वर्षाला २,९०० वाचवतं आणि सहावं १,७००. सोलर वरच्या महाग टप्प्यातली युनिटं आधी खातो, स्वस्त युनिटं शेवटी. म्हणून प्रत्येक पुढचं पॅनल आधीच्यापेक्षा कमी कमावतं.

दुसरी म्हणजे वर्षअखेर. जास्तीची युनिटं पुढच्या महिन्यात जातात, पण हिशेबाचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असतं. ३१ मार्चला उरलेली युनिटं खात्यातून निघतात आणि त्यांचे पैसे वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने मिळतात. तो दर तुम्ही भरता त्या दराच्या पासंगालाही पुरत नाही. हिशेबापुरते ३ रुपये धरा. तुमच्या घरात शिल्लक तयार होते ती सप्टेंबर ते मार्चमध्ये, म्हणजे वर्ष संपता संपता, आणि उन्हाळ्यात ती हवी असते तेव्हा खातं कोरं झालेलं असतं. विक्रेते ही गोष्ट सांगत नाहीत.

आता अनुदान. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या २ किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्या किलोवॉटला १८,००० मिळतात. म्हणजे ३ किलोवॉटला ७८,०००, आणि त्यापुढे कितीही मोठा संच बसवला तरी ७८,०००च. पॅनलची क्षमता आणि सोलर इन्व्हर्टरची (पॅनलची डीसी वीज घरातल्या एसीत बदलणाऱ्या यंत्राची, बॅटरीवरच्या जुन्या इन्व्हर्टरची नव्हे) क्षमता यांतली जी कमी असेल तीच अनुदानाला धरतात. त्यामुळे ६ पॅनलवर २ किलोवॉटचा इन्व्हर्टर लावून कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. अनुदान ६०,००० वरच थांबेल.

तुमच्या दोन कोटेशनांचा निकाल असा : ३ किलोवॉटला अनुदान वजा जाता १ लाख १७ हजार, म्हणजे साधारण तीन ते साडेतीन वर्षांत वसूल. ५ किलोवॉटला २ लाख ३२ हजार. वरच्या १ लाख १५ हजारांच्या बदल्यात तुम्हाला मिळणार सुमारे ३००० जादा युनिटं, तीही ३ रुपयांच्या भावाने, म्हणजे वर्षाला नऊ हजार. ते वसूल व्हायला जवळजवळ तेरा वर्षं लागतील. ठेकेदाराला ५ किलोवॉटमध्ये जास्त सुटतं, तुम्हाला नाही. ३ किलोवॉटच घ्या.

उत्तर २ : वायरमन_काका

वरचा हिशेब बरोबर आहे, त्यात थोडी भर घालतो.

पाच की सहा पॅनल, यात सहाच घ्या. सध्या अनुदानाला देशी सेलची म्हणजे डीसीआर पॅनलच चालतात. वॉटला २५ रुपये धरले तर एक पॅनल साडेतेरा हजारांना पडतं. पाचावरून सहावर गेलात की अनुदानात ५,४०० वाढतात, म्हणजे सहाव्या पॅनलचा बोजा आठ हजार. वर्षाला १,७०० वाचत असतील तर तेही पाच वर्षांत फिटतं. शिवाय पुढेमागे इंडक्शनची शेगडी किंवा विजेवरची स्कूटर आली तर शिल्लक हजार युनिटं घरातच मुरतील. मात्र सातवं पॅनल नको.

१ लाख ९५ हजारांत काय काय आहे ते ओळीओळीने लिहून मागा. ढोबळ मानाने पॅनल ८१ हजार, ३ किलोवॉटचा इन्व्हर्टर २० ते २५, स्ट्रक्चर २० ते ३०, केबल-बॉक्स-अर्थिंग-वीजरोधक (आकाशातून पडणारी वीज जमिनीत उतरवणारा) १५ ते २०, मजुरी आणि कागदपत्रं १५ ते २०. जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून कमी झालाय. ७० टक्के रकमेवर ५ आणि ३० टक्के रकमेवर १८ टक्के, म्हणजे एकूण ८.९ टक्के. आधी हाच १३.८ होता. कोटेशनमध्ये अजून १३.८ लावला असेल तर लगेच टोका.

सावलीचं बोलू. २१ डिसेंबरला दुपारी साडेतीनच्या सुमारास नाशिकमध्ये सूर्य क्षितिजापासून २८ अंशांवर असतो. वस्तूच्या उंचीच्या पावणेदोन पटीहून लांब सावली पडते आणि ती ईशान्येकडे जाते. तुमची टाकी नैर्ऋत्येला आणि ८ फूट उंच, म्हणजे पॅनल गच्चीला टेकून बसवली तर हिवाळ्यात रोज दुपारी १५ फुटांची सावली त्यांच्यावरून फिरणार. सगळी पॅनल एका माळेत जोडलेली असतात. एका पॅनलवर सावली आली की आतला बायपास डायोड त्या पॅनलचा तिसरा हिस्सा किंवा अख्खं पॅनलच बाजूला काढतो, आणि दोन-तीन पॅनलवर एकदम आली तर इन्व्हर्टरला पुरेसा व्होल्टेज मिळत नाही. उपाय दोन आहेत : पॅनल ईशान्येला न नेता दक्षिण-आग्नेय बाजूला सरकवा, नाहीतर स्ट्रक्चर उंच करा. पॅनलची खालची कड ७ फुटांवर घेतली तर टाकी तिच्यापेक्षा फूटभरच वर राहते आणि सावली दोन फुटांत आटोपते. खाली कपडे वाळत घालायलाही जागा राहील.

टाकी उत्तरेला असली तर काहीच धोका नाही असंही समजू नका. साधारण २० मे ते २३ जुलै या काळात नाशिकमध्ये दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला झुकलेला असतो. पण सूर्य जवळजवळ माथ्यावरच असल्याने सावली आखूड पडते. खरी परीक्षा डिसेंबरातच.

उंच स्ट्रक्चर म्हटलं की वारा आला. नाशिकसाठी भारतीय मानकातला मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. ६ पॅनलचं क्षेत्रफळ साडेपंधरा चौरस मीटर भरतं. तेवढ्या वाऱ्यात त्यांच्यावर दीड टनाच्या आसपास जोर येऊ शकतो, आणि सहाही पॅनलचं वजन मिळून १७० किलो. एक फुटाचा सिमेंटचा ठोकळा फार तर ६५ किलो भरतो. नुसते ठोकळे ठेवून त्यावर पाय उभे केले तर वळवाच्या पहिल्या वावटळीत संच शेजाऱ्याच्या गच्चीवर. स्लॅबच्या खाली तुळई किंवा कॉलम जिथे येतो त्याच रेषेवर पाय घ्या. केमिकल अँकरने बोल्ट बसवा आणि त्याभोवती पेडेस्टल म्हणजे सिमेंटचा छोटा चौथरा बांधून वॉटरप्रूफिंग करून घ्या. तिरके आधार मागितल्याशिवाय मिळत नाहीत, तेव्हा मागा. लोखंड गरम बुडवून जस्त चढवलेलं आणि थर ८० मायक्रॉनचा हवा. नटबोल्ट स्टेनलेसचे. साइटवर कापून वेल्डिंग केलं की त्या जागचं जस्त जळतं आणि दोन पावसाळ्यांत तिथूनच गंज धरतो.

अर्थिंगचे खड्डे तीन वेगळे हवेत : पॅनल-स्ट्रक्चरचा एक, एसी बाजूचा दुसरा आणि वीजरोधकाचा तिसरा. तिन्हींचा रोध ५ ओमच्या आत आलाय हे मीटर लावून दाखवायला सांगा. दोन खड्डे खणून तिसरा 'जोडून देतो' हे सर्रास चालतं. तसं करू दिलंत तर वीज पडल्यावर तिचा झटका सरळ इन्व्हर्टरमध्ये शिरतो.

गच्ची_नाशिक :

दोघांचेही आभार. ५ किलोवॉटचा विषय संपला. पण वीज गेल्यावर काय? ठेकेदार म्हणतो की जुन्या इन्व्हर्टरच्या लायनीवर सोलर जोडून देतो, म्हणजे वीज गेली तरी दिवसा चालू राहील. आणि मंजूर भार २ किलोवॉट आहे, त्याने अर्ज अडेल का?

उत्तर ३ : वायरमन_काका

ताई, हे अजिबात करू देऊ नका.

साधा ऑन-ग्रिड (महावितरणच्या तारेला जोडलेला, बॅटरी नसलेला) सोलर इन्व्हर्टर वीज गेली की दोनएक सेकंदांत आपोआप बंद होतो. खांबावर काम करणाऱ्या लाईनमनच्या तारेत तुमच्या गच्चीवरून वीज जाऊ नये म्हणून ती सुरक्षा आहे आणि मानकाप्रमाणे सक्तीची आहे. ऊन कितीही असो, लाईट नाही तर सोलर नाही.

आता जुन्या इन्व्हर्टरच्या आउटपुटवर सोलर जोडला तर काय होतं पाहा. वीज गेली की बॅटरीवरचा इन्व्हर्टर २३० व्होल्ट तयार करतो. सोलर इन्व्हर्टरला वाटतं ग्रीड म्हणजे महावितरणची वीज आली, तो सुरू होतो आणि अडीच किलोवॉट ढकलायला लागतो. घरात त्या वेळी दोन पंखे नि चार दिवे असतात. उरलेली वीज उलटी जुन्या इन्व्हर्टरमध्ये घुसते. त्याच्यात ती शोषायची सोय नसते, म्हणून त्याचे आतले मॉसफेट (वीज चालू-बंद करणारे भाग) उडतात किंवा बॅटरी उकळते. आगी लागतात त्या अशाच जोडणीतून.

बरोबर जोडणी अशी : सोलरचा एसी आउटपुट मीटरनंतरच्या मुख्य स्विचच्या ठिकाणी, स्वतःच्या वेगळ्या एमसीबीवर. जुना इन्व्हर्टर त्याच्या पुढे, आज आहे तसाच. दिवसा बॅटरी अप्रत्यक्षपणे सोलरवरच चार्ज होईल आणि वीज गेल्यावर पंखे-दिवे पूर्वीसारखे चालतील. दिवसातून एक-दोनदा वीज जाते तेवढ्यासाठी हायब्रिड इन्व्हर्टर (सोलर आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा) आणि लिथियम बॅटरीत पैसे घालू नका. बॅटरीला अनुदान नाही आणि वसुलीची मुदत दुपटीवर जाते. रोज चार-सहा तास भारनियमन असतं अशा गावात मात्र हायब्रिडचा विचार करावा.

मंजूर भाराने अडणार नाही. केंद्राच्या २०२४ च्या ग्राहक हक्क नियमांनुसार १० किलोवॉटपर्यंतच्या छतावरच्या सोलरला तांत्रिक व्यवहार्यता तपासणीशिवाय मान्यता मिळते आणि गरजेप्रमाणे भार वितरण कंपनीच वाढवते. सिंगल फेजवर घरगुती स्थिर आकार जोडणीमागे असतो, त्यामुळे २ चे ३ किलोवॉट झाले तरी तो वाढत नाही. थ्री फेज घेतलंत तर मात्र बराच वाढतो, आणि तो सोलर लावूनही दर महिन्याला भरावाच लागतो. ३ किलोवॉटसाठी थ्री फेज घ्यायचं कारण नाही.

उत्तर ४ : उपकेंद्र_पूर्व

अर्जाबद्दल नेमकं सांगतो, कारण पैसे अडकतात ते इथेच.

बिलावरचं नाव, आधारवरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव एकच हवं. अनेक घरांत बिल अजून वडिलांच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असतं. तसं असेल तर आधी नावबदल करा, सोलरचा अर्ज नंतर. थकबाकी शून्य ठेवा.

पीएम सूर्यघरच्या राष्ट्रीय पोर्टलवर बारा अंकी ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी, मग मान्यता, मग पोर्टलवर नोंदलेला ठेकेदार निवडणं, बसवणी, फोटोंसह तपशील भरणं, नेट मीटर (आत आलेली आणि बाहेर गेलेली वीज वेगवेगळी मोजणारा), चालू झाल्याचा अहवाल आणि शेवटी बँकेचा तपशील, असा हा क्रम आहे. अनुदान तुमच्याच खात्यात येतं. 'अनुदान वजा करून पैसे द्या, बाकीचं आम्ही पाहतो' म्हणणाऱ्याला खात्याचा कोरा चेक देऊ नका.

करारात 'नेट मीटरिंग' लिहिलंय ना ते वाचा. 'नेट बिलिंग' ही वेगळी पद्धत आहे. तीत ग्रीडला दिलेली वीज युनिटाला युनिट वजा होत नाही, ठरलेल्या कमी दराने तिचे पैसे धरतात. वर युनिट_मोजा यांनी मांडलेला सगळा हिशेब नेट मीटरिंगचा आहे.

नेट मीटर बसायच्या आधी संच चालू करू नका. दोन-चार आठवडे ऊन वाया जातंय म्हणून ठेकेदार स्विच टाकून देतो. साधा इलेक्ट्रॉनिक मीटर बाहेर गेलेली वीजही वापर म्हणून मोजतो, आणि बिल कमी व्हायच्या ऐवजी वाढून येतं. ते दुरुस्त करून घेताना नाकी नऊ येतात.

पैसे टप्प्यांनी द्या. शेवटचे दहा-पंधरा टक्के नेट मीटर लागून पहिला आठवडा नीट चालल्यावरच. पॅनलवरचे अनुक्रमांक स्ट्रक्चरवर चढवण्याआधीच उतरवून घ्या आणि डीसीआर पडताळणीच्या सरकारी पोर्टलवर तपासा. वर चढल्यावर मागची पट्टी वाचायला शिडी लागते आणि मग कुणी पाहत नाही. पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराकडेच असते, ती लेखी घ्या.

पहिल्या बिलाबद्दल एक नेहमीचा गोंधळ : निर्मितीचा मीटर ४०० दाखवतो आणि बिलावर निर्यात २५०च दिसते. चूक नाही. मधली १५० युनिटं दिवसा तुमच्या फ्रिज-पंख्यांनी तिथल्या तिथे वापरली, ती मीटरपर्यंत गेलीच नाहीत. बिलात आयात वजा निर्यात आणि मागची शिल्लक एवढंच येतं. दर महिन्याला मीटरवरचे आयात, निर्यात आणि निर्मिती हे तिन्ही आकडे एकाच दिवशी वहीत लिहा. नेट मीटर बसला पण संगणकात त्याची नोंद झाली नाही, असं पहिल्या एक-दोन महिन्यांत घडतं. वही असली की तक्रार पाच मिनिटांत मांडता येते.

उत्तर ५ : दापोली_बागाईत

कोकणातल्या घरांना यातलं काही बदलून वाचावं लागेल, म्हणून लिहितो. इकडे पावसाळा लांब, वर्षाला प्रति किलोवॉट १३०० धरा. जून ते ऑगस्टच्या आकड्यांवर तर फारच कमी भिस्त ठेवा. कौलांवर पॅनल चढवायच्या भानगडीत पडू नये. कौलं फुटतात आणि वाशांना तो भार झेपत नाही. पडवीवरचा पत्रा किंवा परसात जमिनीवर वेगळा मांडव बरा. जांभ्यात अर्थिंगचा रोध उतरत नाही, साध्या खड्ड्याने ५ ओम गाठणं कठीण, केमिकल अर्थिंग आणि जास्त खोल इलेक्ट्रोड लागतो. समुद्र जवळ असेल तर खाऱ्या वाऱ्याच्या चाचणीचं, आयईसी ६१७०१ चं, प्रमाणपत्र असलेलीच पॅनल घ्या. आणि वानरं. ती पॅनलवर उड्या मारतात, वर नारळ पडतात. माडाखालची जागा टाळा. वानरांची वाट असेल तिथे कडेने जाळी मारा, पण सावली पडणार नाही इतकी खाली.

उत्तर ६ : व्होल्टेज_बघा

दोन-तीन महिन्यांनी हमखास येणारी तक्रार आधीच सांगून ठेवतो. ऐन दुपारी इन्व्हर्टर बंद पडतो, स्क्रीनवर ग्रीड ओव्हर व्होल्टेज, पाच मिनिटांनी परत सुरू. ठेकेदार म्हणतो महावितरणचा दोष, महावितरण म्हणतं इन्व्हर्टर खराब.

कारण असं : वीज बाहेर ढकलायची तर इन्व्हर्टरला ग्रीडपेक्षा किंचित वरचा व्होल्टेज धरावा लागतो. तार जितकी बारीक नि लांब तितका तो वर चढतो. ३ किलोवॉटला १३ अँपिअर जातात. खांबापासून घरापर्यंत ६० मीटर ६ चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियमची सर्व्हिस वायर असेल तर तिच्यातच सव्वासात व्होल्ट चढतात. गच्चीवरून मीटरपर्यंत २५ मीटर ४ चौरस मिलिमीटरचं तांबं असेल तर आणखी तीन. दुपारी खांबावरच २४५ असतील तर इन्व्हर्टरला दिसतात २५५, आणि बऱ्याच इन्व्हर्टरांची हद्द २५३ च्या आसपास लावलेली असते.

म्हणून गच्चीपासून मीटरपर्यंत ६ चौरस मिलिमीटर तांबं घ्या, फरक दीड-दोन हजारांचा. सर्व्हिस वायर जुनी असेल तर जाड करून घ्या. मीटरजवळचे सैल, काळे पडलेले जोड आधी बघा, निम्म्या वेळा दोष तिथेच निघतो. तरीही दुपारी खांबावर २५० च्या वर राहत असेल तर ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची जोडणी) बदलण्यासाठी लेखी अर्ज द्या. इन्व्हर्टरची हद्द मनाने वाढवू नका.

निर्मिती बरोबर आहे का, हे पाहायची सोपी खूण सांगतो. एप्रिलच्या निरभ्र दुपारी ३.२४ किलोवॉटचा संच २.५ ते २.६ किलोवॉटच दाखवेल. ३ दिसत नाहीत म्हणून घाबरू नका. पॅनलची क्षमता २५ अंश सेल्सिअसला मोजलेली असते, आणि त्या दुपारी काच-सेल ६० ते ६५ अंशांवर तापतात. साध्या मोनो पॅनलची ताकद दर अंशाला ०.३५ टक्क्याने घटते, म्हणजे तिथेच १२ ते १४ टक्के गेले. टॉपकॉन या नव्या प्रकारच्या पॅनलमध्ये ही घट ०.३ च्या आसपास असते. दरात फार फरक नसेल तर ती घ्या.

पण त्याच दुपारी १.८ च्या वर जात नसेल तर शोध घ्या. आधी काच पुसा. मग वायरमनकडून डीसी बाजूचा उघडा (काही भार न जोडता येणारा) व्होल्टेज मोजून घ्या. असं पॅनल २५ अंशांना ४९-५० व्होल्ट देतं, म्हणजे सहांचे सुमारे २९५, तापल्यावर २६५ ते २७०. त्यापेक्षा १५-१६ ने कमी असेल तर एखाद्या पॅनलचा एक डायोड गेलाय, ४५ ने कमी असेल तर अख्खं पॅनलच माळेबाहेर आहे. सगळे व्होल्ट ठीक आणि ताकद कमी, असं असेल तर पॅनलच्या तारा जोडणारे एमसी-४ जोड तपासा. दोन वेगळ्या कंपन्यांचे नर-मादी जोड एकमेकांत बसतात पण घट्ट धरत नाहीत, गरम होऊन वितळतात. आणि हे काम स्वतः करू नका. ऊन असेतो ती तार जिवंतच असते, मुख्य स्विच पाडला तरी.

धुणं पंधरा दिवसांनी पुरे, रस्ता किंवा बांधकाम जवळ असेल तर आठवड्याला. वेळ सकाळी लवकर. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर काच तडकू शकते. साबण नको, तारेचा घासणा नको. बोअरचं पाणी जड असेल तर त्याने धुतल्यावर पांढरा थर बसतो आणि तो पुढे निघतच नाही. नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरा, आणि बोअरशिवाय पर्याय नसेल तर वायपरने लगेच निपटून घ्या. कबुतराची विष्ठा सगळ्यात वाईट. एका सेलवर चिकटून राहिली की तो सेल तापतो आणि तिथे कायमचा तपकिरी डाग पडतो.

गच्ची_नाशिक :

६ पॅनल, ३ किलोवॉटचा इन्व्हर्टर, ७ फूट उंच स्ट्रक्चर, आग्नेय बाजू, एसी केबल ६ चौरस मिलिमीटर, अर्थिंग तीन वेगळे, असं नवं कोटेशन मागितलंय. उंच स्ट्रक्चरचे तो १८ हजार वेगळे मागतोय. हे रास्त आहे का?

उत्तर ७ : वायरमन_काका

पायांची संख्या, नळीचं माप आणि जाडी लिहून दिली तर रास्त. ६ पॅनलना सहा पाय, उभ्या नळ्या निदान ६० बाय ६० मिलिमीटर, जाडी २ मिलिमीटरच्या खाली नको. जाडी त्याच्यासमोर व्हर्निअरने मोजा. दीड मिलिमीटरची नळी वापरून २ मिलिमीटरचे पैसे लावणं हीच या धंद्यातली मोठी गळती आहे. माप बसत नसेल तर १८ चे १० करा किंवा दुसरा ठेकेदार बघा.